जानेवारीच्या उन्हाच्या पट्ट्या

१

मला हे लिहायचं नव्हतं. बायकोची भाची आली, टेबलावर वही ठेवली, पेन्सिलीला टोक काढून दिलं आणि म्हणाली, "आतोबा, लिहा."

म्हटलं, "चौथी नापास माणसाला काय लिहायला लावतेस?"

"चाळीस वर्षं रोज लिहीत होतात की."

आकडे लिहीत होतो. आकडे लिहिणं म्हणजे काही लिहिणं नव्हे. आकडा पुढे काय झालं ते विचारत नाही. पण हिला कोण सांगणार. शाळेत शिकवते, साऱ्या जगाला गृहपाठ द्यायची खोड.

"तोंडी सांगतो."

"तोंडी तुम्ही शिव्या देता आणि निम्म्यात उठून जाता."

हे खरं आहे.

झालं असं, की माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली आणि तिची ट्रंक आता कुठे उघडली. तळाशी एका जुन्या जानेवारीच्या एकतीस पट्ट्यांचा गठ्ठा निघाला. वरून सुतळीची गाठ, बायकोचीच. तिची गाठ सुटत नाही, कापावी लागते. भाचीनं कापली. सगळ्या पट्ट्या बघितल्या आणि एक माझ्यापुढे धरली. बावीस तारखेची.

"ही इतरांसारखी का नाही?"

शाळेत शिकवणाऱ्यांची नजर फार वाईट.

त्या पट्टीपाशी मी येईन, पण आधी एक गोष्ट सरळ करून घेतो. अख्खं बंदर सांगतं, की त्या जानेवारीच्या वादळात हिचा बाप गेला. लोकांना वादळ आवडतं, त्यात काहीही घालता येतं. हिचा बाप वादळात गेलेला नाही. तो गेला सत्तावीस तारखेला दुपारी बारा वाजून गेल्यावर, आणि त्या वेळी आभाळात ढगाचा बोटभर तुकडा नव्हता. माझ्या हातानं लिहून ठेवलंय.

२

आमची वेधशाळा म्हणजे बंदराच्या तोंडावरच्या खडकावर एक दगडी इमारत. खाली राहायच्या दोन जागा, मध्ये एक भिंत. एकीत मी आणि बायको, दुसरीत माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. त्याची बायको लवकर गेली होती, पोर, म्हणजे ही भाची, दूर शिकायला होती. माडीवर कचेरीची खोली आणि एक लांब टेबल. त्याच्या वर गच्ची.

सकाळचं काम माझं, संध्याकाळचं त्याचं. मला लोक पारा म्हणत. थर्मामीटर बघतो म्हणून म्हणत असं माझं मत; बायकोचं मत वेगळं होतं. मेहुण्याला तराजू म्हणत. लहानपणी पडला तेव्हा त्याचा डावा खांदा जो खाली आला तो खालीच राहिला. लांबून येताना दिसला, की कोणी तरी एका पारड्यात वजन टाकलंय असं वाटे.

पावसाचं भांडं, वाऱ्याचा बाण, थर्मामीटर हे सगळीकडे असतं. आमच्या गच्चीवर ऊन मोजायचा गोळा होता. छातीइतक्या उंच खांबावर भरीव काचेचा गोळा, लहान मुलाच्या डोक्याएवढा. त्याच्या मागे पितळेची अर्धी वाटी, वाटीच्या खाचेत जाड कागदाची निळी पट्टी, तिच्यावर तास छापलेले. भिंगानं कागद जळतो तशी उन्हानं पट्टीवर रेघ जळत जाते. ऊन असेल तितकी रेघ. सूर्य मावळला की मेहुणा पट्टी काढायचा, मागे तारीख टाकायचा, नवी घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेघ मोजायचो. महिनाअखेर सगळ्या पट्ट्या टेबलावर ओळीनं मांडायच्या, बेरीज करायची आणि महिना कसा गेला ते चार ओळींत लिहायचं.

गोळ्यात सगळं उलटं उतरतं. सूर्य डावीकडे तर जळण उजवीकडे. जानेवारीत सूर्य रोज थोडा थोडा वर चढतो, तर पट्टीवरची रेघ रोज थोडी खाली. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नियम दोन. दिवसा गोळ्यापुढे उभं राहायचं नाही. आणि उन्हात गोळ्यात डोकवायचं नाही, डोळा जातो. पहिला नियम कशाला केला होता कोण जाणे, कारण पुढे उभं राहायला जागाच नव्हती. खांबापासून कठडा एक हातावर, आणि कठड्यापलीकडे सरळ खाली खडक आणि समुद्र.

त्या जानेवारीच्या अकरा वर्षं आधी मेहुण्यानं तपासनीस साहेबाला सांगितलं होतं, की पारा सकाळचे आकडे अंथरुणात बसून लिहितो. साफ खोटं. मी तापात गेलोय, गारांत गेलोय, माझ्या बापाला पोचवून आलो त्या सकाळीही आठ वाजता थर्मामीटरपुढे उभा होतो. पण साहेबानं माझ्या सेवापुस्तकात लाल रेघ ओढली. आणखी एक लाल रेघ म्हणजे नोकरी गेली, डोक्यावरचं छप्परही गेलं. त्या दिवसापासून मी मेहुण्याशी बोलणं टाकलं. त्यानंही टाकलं. कामाचं काही असेल तर टेबलावर दगडाखाली चिठ्ठी. घरचं असेल तर बायको.

"मी काय तुम्हा दोघांची टपालपेटी आहे?" ती म्हणायची. पण निरोप पोचवायची. तिखटमीठ लावून पोचवायची.

३

तो महिना भ्रमिष्टासारखा वागला. एक आणि दोन तारखेला पाऊस, आडवा, दाराच्या फटीतून घरात. तीनला लख्ख ऊन. चारला गारा. पाचला सकाळी धुकं इतकं, की पावसाचं भांडं हातानं चाचपत शोधलं, आणि संध्याकाळी वाऱ्यानं आमच्या कोंबड्यांचं खुराडं उचलून समुद्रात टाकलं, कोंबड्यांसकट. बायकोनं त्याचाही दोष मला दिला. सहाला पुन्हा ऊन, जसं काही घडलंच नाही. अंगावर काय घालून बाहेर पडावं ते कळत नव्हतं.

चार तारखेला सकाळी मी तीनची पट्टी मोजायला घेतली. दुपारी बाराच्या घराजवळ रेघेत दोन खंड होते. गव्हाच्या दाण्याएवढे, शेजारी शेजारी, मध्ये जरासं जळलेलं.

ढग आला की रेघ तुटतेच, त्यात नवल नाही. पण ढगाला कड नसते. ढग येताना रेघ पुसट होते, बारीक होते, मग थांबते, आणि परत धरतानाही तशीच हळूहळू. हे दोन खंड कात्रीनं कापल्यासारखे होते.

मी चिठ्ठी लिहिली. "काल दुपारी गोळ्यापुढे कोण उभं होतं?"

संध्याकाळी उत्तर. "तूच असशील. दुपारी मी झोपतो."

सहा तारखेच्या पट्टीवर पुन्हा तेच, त्याच जागी, फक्त दोन्ही खंड जाड झालेले. मला वाटलं, समजलं. हा माणूस पट्टीला मेण चोळून घालतोय. तेवढी जागा जळणार नाही, महिना संपला की तपासनीस येईल, पट्ट्या बघेल आणि विचारेल सकाळच्या माणसाला. दुसरी लाल रेघ.

चिठ्ठी. "पट्टीला मेण चोळतोस काय?"

उत्तर. "मेण तुझ्या कानात आहे."

नवीन पाकीट फोडून मी स्वतः एक पट्टी काढली, मागे माझी खूण केली आणि बायकोकरवी त्याला दिली. हीच घालायची. तिनं मधल्या भिंतीकडे तोंड करून माझ्याचसमोर ओरडून सांगितलं, "दादा, हे म्हणतायत हीच घाल, नाही तर यांना झोप लागायची नाही."

नऊ तारखेला ऊन पडलं. माझ्या खुणेची पट्टी. दोन खंड आता एक झाले होते. रुंद, कोरीव, दुपारी बारालाच.

४

मेण नाही तर काय, म्हणून मी माझ्या अकलेनं विचार केला. बारीक वस्तू लांब उभी असेल तर सूर्य क्षणभर झाकते. जवळ आली की जास्त वेळ झाकते. बोट डोळ्याजवळ आणलं की अख्खा सूर्य झाकला जातो, हे पोरंही करतात. म्हणजे दक्षिणेला समुद्रात काही तरी उंच उभं असलं पाहिजे आणि ते जवळ येत असलं पाहिजे. जहाजाची डोलकाठी. दुसरं काय असणार.

बंदरावर झेंडे चढवणारा होता, त्याला विचारलं. तो हसला. "या हवेत बाहेर कोण नांगर टाकतंय, पारा? गेले दहा दिवस मासळीची होडीसुद्धा बाहेर नाही. बुबुळं तपासून घे."

"तुझी तपासून घे. झेंडा उलटा लावलायस."

लावला नव्हता, पण त्यानं वर बघितलं तेवढं बरं वाटलं.

तेराला ऊन, खंड आणखी रुंद. चौदा, पंधरा, सोळा वादळ. सोळाच्या दुपारी वारा एकदम पडला आणि इतकं उबदार झालं, की बायकोनं खिडक्या उघडल्या. तासाभरात परत गारठा, आणि खिडकीच्या दोन काचा गेल्या. सतराला आभाळ धुतल्यासारखं. मी अकरा वाजताच गच्चीवर गेलो आणि खांबाच्या मागे, उत्तरेच्या बाजूला, तिपाई टाकून बसलो. येऊ दे कोण येतंय ते.

गोळ्यामागून धुराचा दोऱ्यासारखा धागा वर जात होता. पट्टी जळते तेव्हा असा धागा असतो, आणि जुन्या कपड्याला इस्त्री लागल्यासारखा वास. समुद्र अजून खवळलेला होता पण आवाज लांब गेल्यासारखा. बारा वाजायच्या आधी काही मिनिटं धूर थांबला.

माझ्या तोंडावर ऊन होतं. खांबावर ऊन होतं. गोळ्याच्या काचेवर ऊन चमकत होतं. कठड्यावर कोणी नव्हतं, कठड्यापलीकडे कोणी असायचा प्रश्नच नव्हता. धूर मात्र नव्हता. मी हात पुढे करून वाटीच्या मागून पितळ चाचपलं. गार होतं. सावलीत असतं तसं.

मग धूर पुन्हा सुरू झाला.

मी खाली आलो आणि चहा मागितला. बायको म्हणाली, "तोंड का असं पांढरं पडलंय?"

"ऊन लागलं," म्हटलं.

"जानेवारीत?"

मनाला सांगितलं, काचेत भेग असेल, ओल धरत असेल, सूर्य ठरावीक उंचीला आला की भेग आड येत असेल. गोळा पुसला, नखानं चाचपला. भेग नव्हती. तरी मी म्हणत राहिलो की आहे, माझे डोळे म्हातारे झालेत. माणूस आपल्या डोळ्यांना खोटं पाडायला किती पटकन तयार होतो.

५

एकोणीसची पट्टी सगळ्यात वाईट. खंड बोटाच्या पेरापेक्षा मोठा. विसाला जरा कमी झाला, पण गंमत अशी, की एकाच बाजूनं कमी झाला. दुसरी बाजू होती तशीच. एकविसाला ढग, रेघच नाही. आणि बावीसला ऊन पडलं, तेविसाला सकाळी मी पट्टी हातात घेतली, आणि खंड जवळजवळ गेलेला. उरला होता तांदळाच्या दाण्याएवढा.

मला इतकं हायसं वाटलं, की मी त्या टेबलापाशी एकटाच मोठ्यानं "गेला एकदाचा" म्हणालो. जे काही होतं ते निघून चाललं होतं.

मग मी ते केलं जे चाळीस वर्षांत एकदाच केलं. ही गोष्ट बायकोला सांगितली नाही, साहेबाला नाही, आजवर कोणालाच नाही. भाची, बावीसची पट्टी तू बरोबर ओळखलीस.

मोठे खंड मला लपवता येण्यासारखे नव्हते. त्यांना मी वहीत ढग म्हणून लिहिलं होतं. महिनाच तसला, कोण नाही म्हणणार. पण बावीसला मी दिवसभराच्या रकान्यात निरभ्र लिहून बसलो होतो, शाईनं. निरभ्र दिवसाच्या रेघेत खंड म्हणजे एक तर वही खोटी नाही तर पट्टी खोटी. तपासनीस एक तारखेला येणार. खोडावं तर खाडाखोड दिसणार. मी बायकोच्या डब्यातली सुई आणली, स्टोव्हवर लाल होईपर्यंत धरली आणि तो दाण्याएवढा खंड अलगद जाळून रेघ जोडली. डावीकडून उजवीकडे, एका दमात. काम बेमालूम झालं असं मला वाटलं. घड्याळात सव्वाआठ.

खाली उतरलो तर बायको लोण्याची वाटी घेऊन मधल्या दारातून पलीकडे निघालेली.

"दादाला काय झालंय बघा ना. दाढी करत बसला होता, एकदम ओरडला. मानेला चटका बसला म्हणतो. जवळ दिवा नाही, स्टोव्ह नाही."

"वस्तरा लागला असेल."

"रक्त नाही. बारीक रेघ आलीय तपकिरी. या कानाखालून त्या कानाखाली."

"मग मफलर घासला असेल," मी म्हटलं, आणि सुई अजून खिशात होती, ती मांडीला टोचली.

मी तेव्हा दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत. जोडल्या असत्या तर काय केलं असतं ते विचारू नका.

६

तेवीसच्या दुपारपासून सव्वीसच्या संध्याकाळपर्यंत जे झालं त्यालाच लोक ते वादळ म्हणतात. चार दिवस वाऱ्याचा बाण गरगर फिरत होता, त्याला दिशाच सुचत नव्हती. पाऊस खालून वर येत होता, खडकावर आपटून. मधल्या भिंतीतून मेहुण्याचं खोकणं ऐकू यायचं. गळ्याला मफलर बांधून संध्याकाळच्या पट्ट्या बदलायला तो न चुकता वर जात होता, कोऱ्या काढायचा, कोऱ्या घालायचा. काम सोडणारा माणूस नव्हता, एवढं मी म्हणेन.

सव्वीसला संध्याकाळी वारा पडला. सत्तावीसला सकाळी टेबलावर चिठ्ठी होती, नेहमीपेक्षा लांब.

"आज ऊन आहे. मी साडेअकराला गच्चीवर बसतो. तू जिन्याच्या खालच्या पायरीवर बस. वर यायला दुसरा रस्ता नाही. मग ठरेल, कोण काय करतं. मला वाटलं होतं तूच करतोस. आता वाटत नाही. माझा गळा दुखवणारं काही वर आहे."

मी बसलो. साडेअकराला तो आला. चार दिवसांत माणूस उतरला होता, खाली गेलेला खांदा आणखी खाली. माझ्यावरून जिना चढायला लागला, तिसऱ्या पायरीवर थांबला. मी मान वर केली नाही.

"ऐक," तो म्हणाला. अकरा वर्षांनी आवाज ऐकला, ओळखीचा वाटला नाही. "तुझ्याशी एक बोलायचंय. अंथरुणाचं. साहेबाला मी सांगितलं होतं ते."

मी पायरीवरची भेग नखानं खरवडत बसलो.

"उतरल्यावर बोलतो," तो म्हणाला आणि वर गेला.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, आत्ताच बोल. पण मला वाटलं, अकरा वर्षं थांबलो, आणखी तासभर थांबेन. त्याला जरा ताटकळू दे. हा माझा स्वभाव.

७

डोक्यावर त्याची पावलं ऐकू आली. एक जड, एक हलकं. खांबापर्यंत गेली, तिपाई सरकली. मग शांतता. जिन्यातून पट्टी जळल्याचा वास खाली येत होता, बारीक. बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती. खालच्या घड्याळात बारा पडले.

वास थांबला.

मी मोजायला लागलो, सवय. एक मिनिट, दोन. मग वर पावलं पुन्हा वाजली. तो उठून चालला होता. खांबाच्या पुढे, दक्षिणेकडे. जड, हलकं, जड, हलकं. मी पावलं मोजली.

सात.

खांबापासून कठडा एक हातावर आहे हे मी वर सांगितलंय. तिथे एक पाऊल मावतं. माझा मेहुणा सात पावलं दक्षिणेकडे गेला आणि सातही दगडावर पडल्यासारखी वाजली, एकसारखी, जराही घाई नाही. आठव्याची मी वाट बघितली.

मी जिना चढलो. गच्चीवर कोणी नव्हतं. तिपाईवर मफलर घडी घालून ठेवलेला. आभाळ निळं, समुद्र गुळगुळीत, इतका की चार दिवस तो वेडा झाला होता हे शपथेवरही कोणाला पटलं नसतं. कठड्यावरून खाली वाकून बघितलं. खडक कोरडे होते, एक पक्षी बसला होता, तो उडालासुद्धा नव्हता.

मागे वळलो. गोळ्यावर ऊन आणि धूर नाही. तेव्हा मी दुसरा नियम मोडला. खांबामागे गेलो आणि गोळ्यात बघितलं.

काचेत समुद्र वर होता, आभाळ खाली. कठडा उलटा, आणि कठड्याच्या पलीकडे, जिथे हवेशिवाय काही नाही, तिथे एक उलटा माणूस उभा होता, माझ्याकडे तोंड करून. मी माझी मान वाकडी केली तेव्हा तो सरळ झाला. एक खांदा खाली. गळ्याला एक तपकिरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओठ हलत होते. काही तरी सांगत होता, सावकाश, समजावून, पोराला सांगावं तसं. मी चौथी नापास माणूस, सरळ लिहिलेलं वाचताना अडखळतो. उलट्या ओठांवरचं काय वाचणार.

मग त्या रेघेतून धुराचा धागा निघाला. त्या रेघेतून, की पट्टीतून, मला सांगता येत नाही, कारण त्याच क्षणी ऊन माझ्या उजव्या डोळ्यात शिरलं. मान वर करून नुसत्या डोळ्यानं बघितलं तर समोर फक्त सूर्य.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, डोळ्याच्या आत डाग पडलाय, जायचा नाही. कोऱ्या भिंतीकडे बघितलं की दिसतो. त्याचा आकार मी त्यांना सांगितला नाही.

८

होड्या घालून शोधलं, दोराला गळ बांधून शोधलं. चार दिवस. लोक म्हणाले तोल गेला, वादळानं कठडा निसरडा झाला होता. कठडा कोरडा होता असं मी म्हणालो. लोकांनी मान हलवली, पारा आता सटकला.

अठ्ठावीसपासून एकतीसपर्यंत रोज ऊन. रेघा सलग. एकही खंड नाही.

एक फेब्रुवारीला सकाळी तपासनीस यायच्या आधी मी पट्ट्या मांडायला घेतल्या. कोऱ्या बाजूला काढल्या, उन्हाच्या तारखांच्या एकाखाली एक लावल्या, तासांच्या रेघा जुळवून, नेहमीसारख्या. वर तीन तारीख, खाली सत्तावीस, तिच्याही खाली शेवटच्या चार सलग. मला बाराच्या घरात नुसता निळा गोंधळ दिसत होता. माझा एकच डोळा चालत होता, त्यात पाणी. बेरीज तीनदा चुकली.

बायको चहा घेऊन आली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली, माझ्यासमोर. कपबशी खाली ठेवली नाही. हातातच वाजायला लागली.

"हा तर दादा," ती म्हणाली.

मी उठलो आणि टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला गेलो. तिकडून ते खंड सरळ होते. सगळ्यात खाली दोन पाय. वर धड. मग खांदे, त्यातला डावा आधीच संपलेला, म्हणून विसाला एकाच बाजूनं कमी झालं होतं. वर सत्तावीस तारखेचा खंड, गोल. तीन तारखेपासून तो तिथे उभा होता, आणि तीन तारखेपासून तो माझ्या भिंतीपलीकडे दाढी करत होता, जेवत होता, खोकत होता, चिठ्ठ्या लिहीत होता.

मान बारीक होती. तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढीच एक जागा जळलेली.

"आणि गळ्याशी ही रेघ कसली?" बायकोनं विचारलं.

"त्या दिवशी ढग नव्हता," मी म्हणालो.

मग तिनं कप ठेवला, पट्ट्या एक एक करून गोळा केल्या आणि सुतळी आणायला गेली. त्यानंतर ती एकवीस वर्षं माझ्याबरोबर राहिली. माझ्याशी बोलायची, भांडायची, आजारपणात उशाशी बसायची. तो विषय तिनं काढला नाही. सुईचा डबा मात्र त्या दिवसापासून कुलपात गेला.

तपासनीस आला, घाईत होता. झाल्या प्रकाराबद्दल दुःख वाटतं म्हणाला, वही चाळली आणि खाली लिहिलं, नोंदी समाधानकारक. महिन्याच्या चार ओळी मी लिहिल्या होत्या त्या अशा. महिना अत्यंत अस्थिर. वादळी वारे दहा दिवस, गारा दोनदा, धुकं एकदा. ऊन सरासरीपेक्षा किंचित कमी. उल्लेखनीय काही नाही.

भाची, तुला हवं होतं ते हे. तुझ्या बापाला कोणी मारलं असं तू मला विचारू नकोस. मला माहीत नाही आणि जे माहीत आहे ते वर लिहिलंय. पट्टी परत हवी तर घेऊन जा, मला ती घरात नको.

पण हिशेब सरळ असू दे. मी आकडे खोटे लिहितो असं त्यानं साहेबाला सांगितलं तेव्हा मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. नंतर एक रेघ जाळली, ती मी कबूल करतो, तिचं जे व्हायचं ते माझ्यावर. त्याचं त्याच्यावर. गोळ्यातून तो काही बोलला असेल, पण मला ऐकू आलं नाही, ते मी धरत नाही. उतरल्यावर बोलतो म्हणाला होता. वेधशाळा पडली, जिना गेला, मी अजून खालच्या पायरीवर बसल्यासारखाच आहे, आणि भिंतीकडे बघितलं की उजव्या डोळ्यात ओठ हलतात. माफी अजून बाकी आहे, आणि ती मागायची आहे माझ्या बायकोच्या भावानं, तुझ्या बापानं, तराजूनं.